३७१ मालकांचा पब

माझी मावसबहीण लंडनच्या आग्नेय भागात, नन्हेड नावाच्या वस्तीत राहते. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी एक कागद फ्रेम करून लावलेला आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, भाच्याला शाळेत मिळालेलं प्रशस्तिपत्र असेल. जवळ जाऊन वाचलं तर शेअर सर्टिफिकेट. आमच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत साखर कारखान्याचं असंच एक होतं. त्यावर दिवाळीला सवलतीची साखर मिळायची.

“ताई, हा कसला शेअर?”

“आमच्या पबचा,” कणीक मळता मळता ती म्हणाली. “बंद पडला होता. मग आम्हीच घेतला विकत.”

आम्ही म्हणजे कोण, हे विचारायला हवं होतं. आम्ही म्हणजे तीनशे एकाहत्तर जण. शिक्षक, परिचारिका, वादक, पेन्शनर, नुकतं मूल झालेली जोडपी, आणि पोळ्या लाटणारी माझी ताई. संध्याकाळी ती मला तिथे घेऊन गेली.

नन्हेड हे पेकम आणि ब्रॉकली यांच्या मधलं गाव. लंडनने गिळलेलं, पण अजून गावासारखं. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, पुढे वीतभर बाग. १८४० साली सुरू झालेली मोठी दफनभूमी आहे, तिच्या टेकावरून झाडांच्या फटीतून सेंट पॉलचा घुमट दिसतो. पर्यटक इथे सहसा येत नाहीत. ऑक्टोबरअखेरची संध्याकाळ होती, पाच वाजताच अंधारून आलं होतं, आणि स्टुअर्ट रोडच्या कोपऱ्यावर त्या घराच्या सगळ्या खिडक्या पिवळ्या उजेडाने भरल्या होत्या. आयव्ही हाऊस.

त्या खिडक्यांपाशी मी थोडी थांबले. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ‘परमिट रूम’ हा शब्द दिला. पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याने बसायची ती खोली. मी वाढले त्या तालुक्याच्या गावात परमिट रूमला काळ्या काचा होत्या, दाराला जाड पडदा होता आणि समोरून जाताना बायका पदर सावरून पावलं उचलायच्या. आत काय चाललंय ते रस्त्याला दिसू नये, हाच तिच्या बांधणीचा हेतू. इथे रस्त्यावरून आतलं सगळं दिसत होतं. एक आजी एकट्याच पेपर वाचत बसल्या होत्या, पायाशी कुत्रा. एका टेबलावर चार बायका विणत होत्या. पब हा शब्द ‘पब्लिक हाऊस’चा तुकडा आहे, म्हणजे चारचौघांचं घर, हे मला ठाऊक होतं, पण ते पटलं त्या काचेबाहेर उभी असताना.

आतल्या भिंती लाकडी फळ्यांनी मढवलेल्या आहेत, वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. बारच्या मागे मोठा हॉल, हॉलला मंच, मंचाला पडदा. गल्लीतल्या दारूच्या दुकानाला नाट्यगृह कशासाठी? त्याचं कारण १९३० च्या दशकात आहे. त्या आधीचे लंडनचे पब कोंदट, पुरुषांचे, उभ्याने ढोसून घरी जायचे. दारूबंदीवाल्यांचा दबाव वाढत होता. तेव्हा बिअर कंपन्यांनी ठरवलं की पब असे बांधायचे की माणूस बायकोला घेऊन येईल, जेवेल, नाचेल, बसेल. ट्रूमन ही तेव्हाची लंडनची बडी कंपनी, ब्रिक लेनवर तिचा कारखाना. तिच्या पदरी ए. ई. स्यूएल नावाचे वास्तुविशारद होते. त्यांनी कंपनीसाठी असे अनेक पब उभारले, त्यातलाच हा. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस ट्रूमनचा तो शतकानुशतकांचा कारखाना बंद झाला. कंपनीने बांधलेलं हे घर मात्र उभं राहिलं.

१९७० च्या दशकात याचं नाव न्यूलँड्स टॅव्हर्न होतं, आणि त्या मंचाला तेव्हा खरी किंमत आली. मोठ्या सभागृहांतल्या अवाढव्य रॉक संगीताला कंटाळलेली मंडळी पबांमधून वाजवू लागली होती. डॉक्टर फीलगुड हा बँड इथे वाजवून गेला, इयन ड्यूरी गायला, पुढे जगभर गाजलेले जो स्ट्रमर आणि एल्विस कॉस्टेलो नाव होण्याआधी इथे उभे राहिले. तो मंच हातभरच उंच आहे. पहिल्या रांगेतला माणूस गाणाऱ्याच्या बुटाला हात लावू शकेल.

असं घर बंद का पडावं? पिणारे कमी झाले, हे एक कारण. सुपरमार्केटात बाटली स्वस्त मिळते, लोक घरी पितात. पण नन्हेडला तेवढ्याने झालं नसतं. मुळाशी मालकी आहे. इंग्लंडातले बहुतेक पब पूर्वी बिअर कंपन्यांच्याच मालकीचे होते, आणि चालवणाऱ्याला त्याच कंपनीची बिअर घ्यावी लागे. ही मक्तेदारी मोडायला सरकारने १९८९ साली नियम केला: ज्या कंपनीकडे दोन हजारांहून जास्त पब आहेत तिने ते कमी करावेत, नाहीतर बंधन सैल करावं. हेतू चांगला होता. झालं असं की बिअर कंपन्यांनी पब विकले आणि ते घ्यायला नव्या कंपन्या निघाल्या. त्या बिअर गाळत नव्हत्या. नुसते पब बाळगत होत्या. चालवणाऱ्याच्या गळ्यातली दोरी तशीच राहिली. भाडं कंपनीला, बिअर कंपनीने ठरवलेल्या दुकानातून, कंपनीने ठरवलेल्या भावाने. आणि अशा कंपनीच्या वहीत पब म्हणजे शेवटी जमिनीचा तुकडा. लंडनमध्ये जमिनीचा भाव असा की त्यावर फ्लॅट बांधले तर वीस वर्षांच्या बिअरपेक्षा जास्त पैसा एका व्यवहारात सुटतो. याला कुणाचा दुष्टपणा लागत नाही, नुसता हिशोब पुरतो. म्हणूनच मला तो जास्त भयंकर वाटतो.

२०१२ च्या एप्रिलमध्ये आयव्ही हाऊसला कुलूप लागलं. चालवणाऱ्यांना जेमतेम आठवड्याची सूचना मिळाली होती. ताई सांगते, त्या रविवारी लोक निरोप घ्यायला आले ते दार बंद झाल्यावरही फुटपाथवर उभेच राहिले.

मग वस्तीने दोन दोर पकडले. पहिला जुना: वास्तू वारसा यादीत घालायची. ते त्याच सुमारास झालं, दुसऱ्या श्रेणीचा दर्जा मिळाला, म्हणजे आतलं लाकूड उखडता येणार नव्हतं. पण लाकूड वाचलं म्हणजे पब वाचला असं नाही. त्याच फळ्यांमागे कुणी आलिशान घरही करू शकतं. दुसरा दोर नवाकोरा होता. २०११ च्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या कायद्यात एक तरतूद आली होती. वस्तीला उपयोगाची एखादी जागा, मग ते दुकान असो, सभागृह असो की पब, लोकांनी मागणी केली तर पालिका तिची नोंद ‘समाजाची ठेव’ म्हणून करू शकते. त्यानंतर मालकाला ती विकायची झाली तर आधी कळवावं लागतं. सहा आठवड्यांत एखाद्या स्थानिक गटाने ‘आम्हाला बोली लावायची आहे’ असं सांगितलं, तर एकूण सहा महिने मालकाने थांबायचं. इतकंच. मालकाने त्या गटालाच विकावं असं बंधन नाही, किंमत कमी करावी असं तर मुळीच नाही. कायदा देतो तो फक्त वेळ. ऑक्टोबर २०१२ मध्ये सदक पालिकेने आयव्ही हाऊसची अशी नोंद केली, आणि सगळ्या इंग्लंडात या यादीवर चढलेला तो पहिला पब ठरला.

त्या सहा महिन्यांबद्दल ताई बोलायला लागली की थांबत नाही. लग्नघरासारखं होतं म्हणे. कुणी वकील, कुणी हिशेबनीस, कुणाला इमारतीतलं कळतं. जो तो आपलं काम आटपून रात्री कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमायचा. मालकाची मागणी होती ८,१०,००० पौंड. वस्तीच्या खिशातून एवढे निघणं शक्यच नव्हतं. मोठा भाग जुन्या वास्तूंना कर्ज देणाऱ्या आर्किटेक्चरल हेरिटेज फंडाकडून आणि सामाजिक कामांना भांडवल पुरवणाऱ्या संस्थेकडून उभा राहिला. मार्च २०१३ मध्ये खरेदी झाली. मग शेअर विक्रीला काढले: ३७१ जणांनी मिळून १,४२,६०० पौंड घातले. माणशी सरासरी चारशे पौंडही पडत नाहीत. कुणी जास्त घातले असतील, कुणी कमी; मत मात्र प्रत्येकाला एकच.

हे ऐकताना मला प्रवरानगर आठवत होतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले, धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, आणि १९५० च्या सुमारास तिथे सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं. सहकार हा शब्द आमच्या घरात रोजचा. वडील सर्वसाधारण सभेला इस्त्रीचा सदरा घालून जायचे. त्या शब्दाची पुढे काय दशा झाली हेही आम्ही घरातच पाहिलं, पण म्हणून तो सदरा खोटा होता असं मला कधी वाटलं नाही. सहकाराने पब चालवणारे नन्हेडकर देशातले पहिले नव्हेत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या खेड्याने २००३ मध्येच आपला ओल्ड क्राउन असा विकत घेतला होता. लंडनमध्ये मात्र हा पहिलाच. ऑगस्ट २०१३ मध्ये दार उघडलं.

आज इथे जेवणाची पाटी फळ्यावर खडूने लिहिलेली असते. मी मशरूमचा ‘पाय’ घेतला, जाड पापुद्र्याचा, आत वाफाळता रस्सा, बरोबर चिप्स. ताई म्हणते रविवारी दुपारी यावं, भाजलेलं मांस, बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग यांच्यासाठी आख्खी कुटुंबं येतात आणि अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. हॉलमध्ये कधी लोकगीतांची बैठक, कधी नाच, कधी लहान मुलांसाठी काही. त्या रात्री कुणाचा तरी साठावा वाढदिवस होता.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. २०१८ साली याच पबमधल्या काही कामगारांना काढून टाकलं, आणि उरलेल्यांनी संप पुकारला. दर आठवड्याला किती तास काम मिळेल याची हमीच नसलेले करार, हा खरा मुद्दा होता. काढलेल्यांना काही दिवसांत परत घेतलं गेलं, कराराबद्दल कामगारांच्या संघटनेशी बोलणी झाली. ताई त्या दिवसांबद्दल खालच्या आवाजात बोलते. “आम्ही मालक झालो खरे, पण ग्लास धुणाऱ्या मुलीचं घरभाडं कसं भागतं हे कधी विचारलंच नव्हतं गं.” मला आमचा कारखाना दिसला. ऊस ज्याचा तो सभासद; ऊस तोडणारा नव्हे. माझे वडील जन्मभर सहकाराचे, पण फडावरच्या कोपीत कुणी राहतं याची चर्चा त्यांच्या इस्त्रीच्या सभेत कधी झाल्याचं मी ऐकलं नाही. नन्हेडला ती चर्चा करावी लागली, आणि ती कामगारांनी करायला लावली म्हणून झाली.

आता बिअरकडे. हे सगळं ज्याच्यासाठी आहे ते शेवटी पिंपात आहे, आणि पिंप तळघरात. ताईने बारमागच्या मुलीला विचारलं, माझ्या बहिणीला खाली घेऊन जाशील का. ती लगेच हात पुसून निघाली. अरुंद जिना, डोकं वाकवून उतरायचं. खाली गारवा होता, आपल्या जुन्या वाड्याच्या बळदात असतो तसा. अकरा ते तेरा अंशांच्या मधे तो राखावा लागतो. वास ओल्या फरशीचा, पावाचा आणि जरासा सफरचंदाचा.

बाटलीतली किंवा नेहमीच्या नळाची बिअर कारखान्यात पुरी होते. गाळतात, तापवतात, वायू भरतात आणि पाठवतात. ती कुठेही नेऊन ओता, तीच. इथे पिंपात येते ती बिअर जिवंत असते. तिच्यात यीस्ट आहे, त्याचं काम चालू आहे, आणि ते पुरं होतं या तळघरात. दुधवाल्याने दूध दिलं, पण दही कसं लागेल ते घरच्या हातावर, तसं. त्यामुळे एकाच कारखान्याचं एकाच दिवशी भरलेलं पिंप दोन पबांत दोन चवींचं निघतं. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ही कटकट संपवायला घेतली होती. तेव्हा सुट्टीवर गेलेल्या चार मित्रांनी १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ नावाची ग्राहकांची चळवळ काढली आणि ही पद्धत वाचवली. पिणाऱ्यांनी वाचवलेली बिअर, पिणाऱ्यांनी वाचवलेल्या घरात.

पिंप आता धातूचं असतं. छोटं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट, सुमारे ४१ लिटर. ते घोडीवर आडवं ठेवतात आणि दोन्ही बाजूंनी पाचर मारतात, कारण एकदा ठेवलं की हलवायचं नाही. हललं की गाळ उठला. वरच्या अंगाला एक बूच असतं. त्यात आधी सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात. तिच्यातून आतला कोंडलेला वायू हळूहळू निघतो, खुंटीच्या टोकाशी फेस बुडबुडत राहतो. मुलीने वाकून तो बुडबुडा दाखवला. दर थोड्या वेळाने ती खुंटी पुसायची आणि पाहायचं, फेस किती लवकर परत येतो. लवकर आला तर यीस्ट अजून जोरात आहे. रेंगाळला तर झालं. मग सच्छिद्र खुंटी काढून घट्ट लाकडाची बसवायची, उरलेला वायू आतच ठेवायला. किती तास लागतील हे पुस्तक सांगू शकत नाही. तिने सांगितलं, सुरुवातीला तिची दोन पिंपं घाईने वाया गेली.

“आणि गाळ खाली कसा बसतो?” मी विचारलं. तिचं उत्तर ऐकून मी चकित झाले. माशाच्या पोटातल्या पिशवीने. ती वाळवून, विरघळवून केलेला चिकट द्रव पिंपात घालतात; तो यीस्टच्या कणांना धरतो आणि घेऊन तळाशी बसतो. आपल्याकडे गढूळ पाण्याच्या घड्यात निवळीचं बी उगाळून घालायचे, तोच प्रकार. आणि ती पिशवी म्हणजे आपल्या पालघरच्या कोळ्यांचा ‘बोत’! सातपाटी-मुरब्याला जाळ्यात घोळ मासा आला की घरात सण होतो, तो माशापेक्षा बोतासाठी. मासा तिथेच विकतात, बोत वाळून परदेशी जातो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून असे बोत इंग्लंडलाही जात. मी हे सगळं त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, आता बरेच छोटे कारखाने ते घालत नाहीत, शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी. बिअर जराशी धुरकट राहते, लोकांना चालते.

छोटे कारखाने म्हणताना तिने हात उत्तरेला केला. २००६ मध्ये यंग्ज ही जुनी कंपनी वॉन्ड्सवर्थ सोडून गेली तेव्हा लंडनमध्ये बिअर गाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. मग २००९ मध्ये बर्मंडसीला रेल्वेच्या कमानीखाली ‘कर्नल’ सुरू झाली, आणि एकेका कमानीखाली एकेक भट्टी उगवत गेली. पण यांची बिअर घेणार कोण? कंपनीच्या दोरीने बांधलेल्या पबाला ती सहसा घेता येत नाही. आयव्ही हाऊससारख्या मोकळ्या पबाला येते. वर बारवर लाकडी मुठींचे हातपंप आहेत, त्यांवर आज कोणाची बिअर आहे याच्या चिठ्ठ्या. पंप ओढला की तळघरातून बिअर नुसत्या हाताच्या जोराने वर येते, एका ओढीला साधारण अर्धा पाइंट. मी एक गडद रंगाची घेतली होती. बर्फगार नव्हती, फसफसत नव्हती; भाजलेल्या धान्याचा कडूगोडपणा होता, आपल्या नाचणीच्या आंबिलीला असतो तसा शेवटी किंचित आंबूसपणा. पिंप उघडलं की हवा आत जाते, त्यामुळे तीन दिवसांत ते संपायला हवं. चौथ्या दिवशी चव उतरते. म्हणजे ही बिअर जगायला चांगलं तळघर लागतं, जाणता हात लागतो, आणि रोज येणारे शेजारी लागतात.

निघण्याआधी मुलीने एक नवं पिंप हाताळायला घेतलं. सकाळीच आलेलं. पाचर तपासली, बुचावर खुंटी टेकवली आणि लाकडी मोगरीने एकच ठोका दिला. सूं करून आवाज झाला आणि पांढरा फेस खुंटीभोवती चढून पिंपाच्या पोटावरून ओघळला. तिने तो फडक्याने टिपला, थांबली, पुन्हा टिपला. मग खिशातून खडू काढून पिंपाच्या तोंडावर लिहिलं: शनिवार.

“शनिवारी तू विमानात असशील,” ताई म्हणाली. “तुझ्या वाटची मी घेईन, आणि कशी झाली ते फोनवर सांगेन.”